रूपसंकेत, लेखनप्रकारांचे : खानदेशातील पत्र, पोथी व संकेतस्थळ

एखादा लिखित मजकूर सनद आहे, खाजगी पत्र आहे, पोथी आहे की लग्नपत्रिका आहे, हे वाचकाला तो वाचण्यापूर्वीच ज्या दृश्य व शाब्दिक खुणांवरून कळते, त्यांना त्या लेखनप्रकाराचे रूपसंकेत म्हणतात. कागदाचा आकार, कोरी सोडलेली जागा, आरंभीचा मायना, मजकुराचा क्रम, शिक्क्याचे स्थान, समारोपाची ठराविक शब्दावली या सर्वांचा त्यांत समावेश होतो. संगणकीय जाळ्यावरील पृष्ठांना मराठीत ‘संकेतस्थळ’ हा शब्द रूढ झाला. संस्कृत काव्यशास्त्रात या शब्दाचा अर्थ प्रेमिकांनी भेटीसाठी ठरविलेली जागा असा असला, तरी ‘आधी ठरलेले’ हा त्यातील मूळ भाव नव्या अर्थालाही लागू पडतो. कारण संकेतस्थळाच्या वाचकालाही कोठे काय असेल हे बव्हंशी आधीच ठाऊक असते.

रूपसंकेत हे केवळ सजावटीचे नियम नव्हेत. ते लेखक व वाचक यांच्यातील अलिखित करार असतात आणि समाजात वारंवार उद्‌भवणाऱ्या एखाद्या गरजेतून ते घडतात. अमेरिकन विदुषी कॅरोलिन मिलर यांनी १९८४ मध्ये लेखनप्रकार म्हणजे आकृतिबंध नसून एक सामाजिक कृती होय, असे प्रतिपादन केले. पुढे केव्हिन क्राउस्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणकीय जाळ्यावरील पृष्ठांना हाच विचार लावून, त्यांतील कोणते प्रकार छापील जगातून जसेच्या तसे उचललेले आहेत आणि कोणते नव्याने उद्‌भवले आहेत, याची छाननी केली. महाराष्ट्रात या प्रकारचे विवेचन वेगळ्या नावाने व वेगळ्या निकडीतून पुष्कळ आधी सुरू झाले होते. जुन्या मराठी कागदपत्रांचा खरेखोटेपणा ठरविण्याची ती निकड होती. या अभ्यासाचे धुळे हे एक महत्त्वाचे केंद्र होय.

खानदेशात रूपसंकेतांचा सुस्पष्ट व कालनिश्चित असा जुना नमुना म्हणून जळगाव जिल्ह्यातील चाळीसगावजवळच्या पाटणे येथील शिलालेखाकडे पाहता येते. शके ११२८ (सु. १२०७) मधील या लेखात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी स्थापन केलेल्या मठाला निकुंभवंशीय सोइदेवाने दिलेल्या दानाची नोंद आहे. लेखाची मांडणी दानलेखांच्या ठराविक क्रमाने जाते : आरंभी वंदन, मग राजवंशाची व पंडितवंशाची प्रशस्ती, त्यानंतर दान. प्रशस्ती संस्कृतात आहे. परंतु स्थानिक बाजारपेठेतील मालावरून मठाला काय मिळावे, हे सांगणारा अखेरचा भाग तत्कालीन लोकभाषेत, म्हणजे जुन्या मराठीत आहे. हा भाषापालट सहज झालेला नाही. वंशगौरव पंडितांसाठी होता, तर कराचा हिस्सा व्यापारी, घाणेवाले आणि गावकरी यांना पाळावयाचा होता. एकाच दगडावर दोन वाचकवर्ग कल्पून प्रत्येकाला त्याच्या भाषेत सांगण्याची ही रीत लेखनप्रकाराच्या अभ्यासकाला शब्दार्थापेक्षाही अधिक काही सांगून जाते.

पत्रे व दस्तऐवज यांचे संकेत यादवकाळात सूत्रबद्ध होऊ लागले. यादवांचा श्रीकरणाधिप हेमाद्री याच्या नावावर मोडणारे ‘मेस्तक’ हे कारभारी लेखनाचे मार्गदर्शक प्रकरण या परंपरेतले होय. गुजरातेत याच हेतूने रचलेला लेखपद्धति हा नमुनासंग्रह प्रसिद्ध आहे. कोणाला कोणत्या शब्दांनी संबोधावे, कोणाचे नाव वर व कोणाचे खाली लिहावे, वडीलधाऱ्यास, बरोबरीच्यास व कनिष्ठास लिहिताना मायना कसा बदलावा, हा अशा ग्रंथांचा विषय असे. मध्ययुगीन यूरोपातही पत्रलेखनाच्या अशाच पाठ्यपुस्तिका प्रचलित होत्या. कारण जेथे दरबार व दफ्तर वाढते, तेथे लेखकागणिक पत्राचे रूप बदलणे परवडत नाही.

फारुकी सुलतानांचा अंमल (१३८२–१६०१) आणि त्यानंतरचा मोगल अंमल यांमुळे खानदेशातील दफ्तरावर फार्सी वळणाचा दाट ठसा उमटला. अठराव्या शतकाच्या मध्यास प्रदेशाचा मोठा भाग पेशव्यांकडे आला, तरी फसली सन, फार्सी पारिभाषिक शब्द व मोगली कागदांचे काही संकेत मराठी पत्रांत चालूच राहिले. त्यामुळे खानदेशाचा कागद वाचणाऱ्याला दोन परंपरांचे ज्ञान लागते. त्यांची सरमिसळ हा दोष नसून काळ ओळखण्याचे ते एक साधन आहे.

मराठेशाहीतील पत्राचे रूप थोडक्यात पुढीलप्रमाणे असे. माथ्यावर ‘श्री’ किंवा उपास्य दैवताचे नाव, त्याखाली अधिकारानुसार शिक्का, मग मायना. सन्माननीय व्यक्तीस ‘राजश्री अमुक गोसावी यांसी’ असे लिहून विशेषणांची माळ दिली जाई. कुशलवृत्ताचे ठराविक वाक्य झाल्यावर ‘विनंती उपरी’ किंवा ‘विशेष’ या शब्दानंतर खरा मजकूर सुरू होई; म्हणजे अनुभवी कारकून पत्र हाती येताच नजर थेट या शब्दावर नेत असला पाहिजे. शेवटी वरिष्ठाच्या पत्रात ‘जाणिजे’, कनिष्ठाच्या किंवा समानाच्या पत्रात ‘बहुत काय लिहिणे’ अशी शब्दावली येऊन मजकुराची मर्यादा दाखविणारी लहान मुद्रा, म्हणजे मोर्तब, केली जाई. मोर्तबानंतर कोणी एखादी ओळ वाढविली, तर ती तात्काळ उघडी पडे. लांबलचक पत्रासाठी कागदाचे तुकडे एकमेकांस डकवीत. त्या सांध्यांवर पाठीमागून शिक्का उठवीत, जेणेकरून मधला तुकडा बदलता येऊ नये. पत्राच्या पाठीवर ‘सुरू सूद’, ‘बार सूद’ यांसारखे दफ्तरी शेरे असत. समासाची जागा बहुधा कागदाला घडी घालून आखली जाई. मोडी लिहिताना आधी ओळीची आडवी रेघ ओढून तिला अक्षरे टांगली जात व शब्दांमध्ये अंतर सोडले जात नसे. अशा अखंड ओळीत ठराविक शब्दांचे ठराविक जागी येणे वाचकाला खुणेच्या दगडांसारखे उपयोगी पडे. मोडी वाचावयास शिकणाऱ्यास प्रथम मायने पाठ करावयास लावतात, ते यामुळेच.

न्यायविषयक कागदांत महजर हा प्रकार विशेष लक्षणीय आहे. वादाचा निर्णय ज्या सभेत होई, तिच्यात हजर असलेल्यांची नावे आरंभी लिहीत आणि अखेरीस त्यांच्या साक्षी घेत. ज्यांस लिहिता येत नसे, ते आपल्या व्यवसायाची निशाणी काढीत; कुणब्याचा वा पाटलाचा नांगर, वाण्याचा तराजू ही त्यांची परिचित उदाहरणे होत. साक्षर व निरक्षर यांना एकाच कागदावर समान वजनाने उभे करणारी ही चित्रलिपी होती. तिच्यातील चिन्हे अर्थातच कोणी शिकविलेली नव्हती. नांगर पाहून कुणबी ओळखावयास शाळा लागत नाही.

हे सर्व संकेत केवळ शिष्टाचाराचे राहिले नाहीत, याचे कारण त्यांच्यावर जमिनी अवलंबून होत्या. १८१८ मध्ये खानदेश ब्रिटिशांकडे आला आणि जॉन ब्रिग्ज याने धुळे येथून कारभार सुरू केला. वतने व इनामे यांचे दावे सरकारपुढे येऊ लागले. १८५२ च्या अकराव्या अधिनियमान्वये इनाम आयोगाला हक्कांची तपासणी करण्याचे अधिकार मिळाले. ज्याच्याजवळ सनद नाही किंवा ज्याची सनद संशयास्पद ठरली, त्याच्या कुटुंबाचे पिढीजाद उत्पन्न धोक्यात येई. साहजिकच बनावट सनदा होण्यास वाव मिळाला. दुसरीकडे खऱ्या सनदाही केवळ त्यांचे रूप परीक्षकास अपरिचित म्हणून अविश्वसनीय ठरण्याची भीती निर्माण झाली. १८६३ च्या कायद्यांनी ठराविक सारा भरल्यास हक्काची सखोल चौकशी न करण्याची तडजोड स्वीकारली गेली, तेव्हा ही टांगती तलवार पुष्कळशी दूर झाली. तोवर जुन्या कागदाचे रूप ओळखणे हा पांडित्याचा नव्हे, तर उपजीविकेचा प्रश्न होता.

या ज्ञानाला इतिहाससंशोधनाची शिस्त लावण्याचे मोठे श्रेय विश्वनाथ काशिनाथ राजवाडे (१८६३–१९२६) यांस आहे. १८९८ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या मराठ्यांच्या इतिहासाची साधने या मालेच्या बावीस खंडांत त्यांनी गावोगाव हिंडून मिळविलेली पत्रे छापली. पहिल्याच खंडाच्या प्रस्तावनेत त्यांनी बखर व समकालीन पत्र यांचे पुरावा म्हणून मूल्य वेगवेगळे मानले. बखरीचे रूप पुष्कळदा पत्रासारखे असते. धन्याची आज्ञा झाली म्हणून हकीकत लिहून पाठविली, अशी तिची सुरुवात असते, सु. १६९७ मधील सभासदाची बखर हे याचे ठळक उदाहरण होय. रूप पत्राचे असले, तरी घटना घडत असताना लिहिलेले पत्र आणि वर्षांनी आठवून रचलेली हकीकत यांचा हेतू एक नसतो. रूप व हेतू यांची अशी फारकत कोठे झाली आहे हे ओळखणे, ही लेखनप्रकाराच्या चिकित्सेची पहिली कसोटी होय. तीत राजवाडे निश्चितपणे उतरले; बखरींवरचे त्यांचे प्रहार मात्र काही ठिकाणी गरजेपेक्षा कठोर वाटतात, कारण बखरीला तिच्या स्वतःच्या संकेतांनी वाचल्यास तीही समाजमनाचे साधन ठरते.

साधनांच्या आठव्या खंडाच्या प्रस्तावनेत राजवाड्यांनी निरनिराळ्या काळांतील पत्रे घेऊन त्यांतील फार्सी व मराठी शब्दांची मोजणी केली. शिवपूर्वकालीन सरकारी पत्रात फार्सी शब्दांचा भरणा आणि १७२८ च्या पत्रात त्यांचे अत्यल्प प्रमाण, असा फरक त्यांनी दाखविला. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने सु. १६७७ मध्ये सिद्ध झालेला राज्यव्यवहारकोश व १६७४ पासूनचा राज्याभिषेक शक हे या पालटाचे राजकीय टप्पे होत. पत्राच्या साच्यात शब्दांचे प्रमाण कसे बदलते हे एकदा निश्चित झाले, की तारीख नसलेल्या पत्राचा काळ अजमावता येतो आणि तारीख असलेल्या पत्राची पडताळणीही करता येते.

तारखेची पडताळणी हे बनावट कागद पकडण्याचे सर्वांत प्रभावी साधन ठरले. जुन्या पत्रात शक, संवत्सराचे नाव, मास, तिथी, वार यांपैकी अनेक अंगे एकत्र येतात. कधी त्यांऐवजी अरबी संख्यावाचक शब्दांनी सांगितलेला शुहूर सन व ‘छ’ या अक्षरापुढे चांद्र तारीख असते. शुहूर सनात ५९९ किंवा ६०० मिळविल्यास इसवी सन येतो, कारण त्याचे वर्ष सूर्य मृगनक्षत्रात गेल्यापासून मोजतात. ही सर्व अंगे परस्परांशी जुळली पाहिजेत. बनावट कागद करणारा मायना व शिक्का यांची नक्कल काळजीपूर्वक करतो, कारण ते डोळ्यांत भरतात. तिथी व वार यांचा मेळ मात्र शंभर वर्षांमागे जाऊन बसविणे त्याला सहसा जमत नाही. लोकांच्या नजरेत भरणारे संकेत आणि नकळत पाळले जाणारे संकेत असा भेद येथे करावा लागतो. पहिल्यांवरून कागदाचा प्रकार कळतो, दुसऱ्यांवरून त्याचा खरेपणा. यूरोपात लोरेन्झो व्हाल्ला याने १४४० मध्ये सम्राट कॉन्स्टंटीनच्या नावावरील प्रसिद्ध दानपत्र त्यातील कालविसंगत लॅटिन शब्दांवरून बनावट ठरविले आणि ज्याँ माबीयाँ याने १६८१ मध्ये दस्तऐवजपरीक्षेचे शास्त्र ग्रंथबद्ध केले, तेही याच भेदाच्या आधारे. ग. ह. खरे (१९०१–८५) यांच्या संशोधकाचा मित्र या पुस्तकाने मराठी वाचकास या परीक्षेची साधने हाताशी दिली.

राजवाड्यांचा अखेरचा काळ धुळ्यात गेला व तेथेच ३१ डिसेंबर १९२६ रोजी त्यांचे निधन झाले. पाठोपाठ १९२७ मध्ये भा. वा. भट आदी अभ्यासकांच्या पुढाकाराने धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झाले. राजवाड्यांची टिपणे व जमविलेली कागदपत्रे मंडळाकडे आली आणि संशोधक या नियतकालिकातून त्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध होत राहिला. 

पोथीचे संकेत पत्राहून निराळे. पोथीचे लांबट, सुटे पान हे ताडपत्राचे स्मरण होय. ताडपत्राची रुंदी झाडाने ठरविली होती. कागद आल्यावर ती ठेवण्याचे कारण उरले नाही, तरी आकार टिकला. पश्चिम भारतातील जैन पोथ्यांत तर दोरी ओवण्याच्या भोकासाठी सोडलेली मधली जागा, भोक पाडणे बंद झाल्यावरही, नक्षीच्या रूपाने मागे राहिली. पानाच्या समासात ग्रंथाचे संक्षिप्त नाव व पत्रांक, चुकलेल्या अक्षरावर हरताळ, अखेरीस लेखकाचे नाव, काळ व स्थळ देणारी पुष्पिका, हे सर्व जाणत्या वाचकाला अपेक्षित असे. ओवी सलग लिहीत. चरण तोडून ओळीखाली ओळ मांडण्याची चाल छापखान्याने रुजविली. काही संप्रदायांनी संकेतांचा उपयोग वाचक वाढविण्याऐवजी मर्यादित ठेवण्यासाठी केला. महानुभावांच्या सकळ, सुंदरी आदी सांकेतिक लिप्या हे त्याचे उदाहरण असून वि. ल. भावे व राजवाडे यांच्या काळापर्यंत त्यांतील ग्रंथ पंथाबाहेर अज्ञातच होते.

पानाच्या मांडणीचा विचार मराठीत स्पष्टपणे कोणी मांडला असेल, तर तो समर्थ रामदासांनी. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे. अक्षर वाटोळे, सरळ व मोकळे असावे, पहिल्या अक्षराचे वळण ग्रंथाच्या शेवटापर्यंत टिकावे, ओळी सारख्या याव्यात, तरुणपणी फार बारीक लिहू नये कारण म्हातारपणी ते वाचता येणार नाही, असा त्याचा आशय आहे. पानाच्या भोवती जागा सोडून मध्ये लिहावे, म्हणजे कडा झिजून झडल्या तरी अक्षराला धक्का लागत नाही, हा त्यातील विचार मुद्दाम लक्षात घेण्याजोगा आहे. समासाची शोभा मागाहून आली. मूळ प्रयोजन झीज सोसण्याचे. धुळ्यात शंकर श्रीकृष्ण देव (१८७१–१९५८) यांनी १८९३ मध्ये सत्कार्योत्तेजक सभा स्थापन केली. डोमगाव येथील कल्याणस्वामींच्या प्रतीवरून त्यांनी दासबोध प्रसिद्ध केला आणि गोळा केलेल्या समर्थसांप्रदायिक पोथ्या पुढे धुळ्याच्या श्री समर्थ वाग्देवता मंदिरात ठेवल्या गेल्या. समर्थांच्या हस्ताक्षरातील म्हणून मानली जाणारी वाल्मीकिरामायणाची प्रत याच संग्रहात आहे. लेखनाविषयीचा उपदेश आणि त्याच परंपरेतील लेखकांनी प्रत्यक्ष लिहिलेली पाने शेजारीशेजारी ठेवून पाहण्याची सोय अशी धुळ्यात झाली आहे.

मुद्रणाने आरंभी जुनेच रूप उचलले. गणपत कृष्णाजींचे पंचांग १८३१ मध्ये शिळाछापावर निघाले. छापील पोथ्या सुट्या पानांच्याच राहिल्या. नियतकालिकांनी मात्र नवे संकेत आणले. १८८७ मध्ये नारायण नरसिंह फडणीस यांनी जळगावहून सुरू केलेले काव्यरत्नावली हे केवळ कवितेला वाहिलेले मासिक होते. शीर्षक, कवीचे नाव, चरणांची स्वतंत्र मांडणी व भोवतीची कोरी जागा ही आज कवितेची स्वाभाविक लक्षणे वाटतात, ती अशा मासिकांतून अंगवळणी पडली. बहिणाबाई चौधरी यांची गाणी त्यांच्या आप्तांनी लिहून घेतली व १९५२ मध्ये ती पुस्तकरूपाने आली, तेव्हा जात्यावर व शेतात जन्मलेल्या शब्दांनाही हेच रूप मिळाले. गाणी त्यामुळे वाचली, हे खरे. त्यांचे गाणेपण पानाने थोडे हिरावले, हेही नाकारता येत नाही. घरगुती लेखनात लग्नपत्रिकेइतका चिवट प्रकार दुसरा नाही. माथ्यावर गणपती, कुलदेवतेचे स्मरण, ‘चि.’ व ‘चि. सौ. कां.’ ही उपपदे, निमंत्रकांची वयक्रमाने यादी हा क्रम दूरध्वनीच्या पडद्यावर पाठविल्या जाणाऱ्या पत्रिकेतही मोडत नाही. खानदेशातील व्यापाऱ्याच्या लाल कापडी बांधणीच्या चोपडीतही डावीकडे जमा व उजवीकडे नावे हा दंडक असाच पिढ्यानपिढ्या चालत आला.

संकेतस्थळ : टिम बर्नर्स-ली यांच्या कल्पनेतून जिनीव्हाजवळील ‘सर्न’ या संशोधनसंस्थेत जागतिक जाळे निर्माण झाले व १९९१ मध्ये ते संस्थेबाहेर खुले झाले. भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने इंटरनेटची सेवा सर्वसामान्यांना उपलब्ध करून दिली. नव्या माध्यमाने जुनी नावे घेतली : पृष्ठ, मुखपृष्ठ, वाचनखूण. दुवा निळ्या अक्षरांत व अधोरेखित दाखविण्याचा संकेत १९९३ मधील ‘मोझेइक’ या वाचकप्रणालीने रूढ केला. संस्थेची मुद्रा डाव्या कोपऱ्यात माथ्यावर, तिच्याखाली किंवा शेजारी विभागांची आडवी पट्टी, उजवीकडे शोधाची चौकट, तळाशी पत्ता व हक्कसूचना अशी मांडणी पुढील दशकात स्थिरावली. उर्दू स्थळांत ती आरशातल्यासारखी उलटते. वाचक आपला बहुतेक वेळ इतर स्थळांवर घालवितात, म्हणून आपले स्थळ त्या इतरांप्रमाणे चालावे अशी त्यांची अपेक्षा असते, हे जेकब नील्सन यांचे निरीक्षण या स्थिरतेचे कारण सांगते. घराचे चित्र मुखपृष्ठासाठी, पाकिटाचे टपालासाठी, टोपलीचे खरेदीसाठी ही चिन्हे महजरावरील नांगर-तराजूंच्या जातीचीच होत. फरक एवढाच, की नांगर काढणारा रोज नांगर धरीत होता, तर साठवणुकीसाठी लवचिक चकतीचे चित्र दाबणाऱ्या आजच्या पिढीने ती चकती पाहिलेलीही नसते. पोथीतील भोकाच्या नक्षीशी तिचे नाते अधिक जवळचे आहे.

मराठी स्थळांपुढे आणखी एक अडचण होती. एकसमान अक्षरसंकेत सार्वत्रिक होईपर्यंत प्रत्येक प्रकाशक आपापला टंक वापरी. तो टंक वाचकाच्या यंत्रात नसला, तर पडद्यावर निरर्थक चिन्हांची रांग दिसे. १९९१ चे भारतीय मानक व त्याच वर्षी सिद्ध झालेला युनिकोड यांत देवनागरीला स्थान असले, तरी व्यवहारात युनिकोड रुळण्यास पुढील दशकाचा बराच भाग लागला. मोडीचा त्यात समावेश २०१४ मध्ये झाला.

शासकीय संकेतस्थळ हा आता एक स्वतंत्र लेखनप्रकार झाला आहे. राष्ट्रीय सूचनाविज्ञान केंद्राने तयार केलेली मार्गदर्शक तत्त्वे २००९ मध्ये जाहीर झाली व २०२३ मध्ये त्यांची तिसरी आवृत्ती आली. जळगाव व धुळे या जिल्हा प्रशासनांची स्थळे एकाच मध्यवर्ती साच्यावर उभी आहेत : माथ्यावर राजमुद्रा व द्विभाषिक नाव, अक्षरांचा आकार लहानमोठा करण्याची सोय, भाषाबदलाची कळ, मग जिल्ह्याची ओळख, सेवा, सूचना, पर्यटन आणि तळाशी अद्ययावत केल्याचा दिनांक. पूर्व व पश्चिम खानदेश अशी १९०६ ची विभागणी, १९६० मधील नामांतर व १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबारचे वेगळे होणे यांमुळे एकेकाळचा एक जिल्हा आज तीन स्थळांवर वाटला गेला आहे. साचा एकच असल्याने एका स्थळाची सवय दुसऱ्यावर उपयोगी पडते. एकसारखेपणाचा हा लाभ मोठा आहे. जिल्ह्याचे वेगळेपण त्यात दबते, ही तक्रार खरी असली, तरी दाखल्यासाठी आलेल्या नागरिकास वेगळेपणापेक्षा कळ जागेवर सापडणे अधिक मोलाचे असते. जळगावच्या विद्यापीठाच्या (स्थापना १९९०) बाबतीत एक लहानशी गोष्ट नोंदविण्यासारखी आहे : २०१८ मध्ये त्याला बहिणाबाईंचे नाव मिळाले, मुखपृष्ठ बदलले, परंतु जाळ्यावरील पत्ता जुन्याच आद्याक्षरांचा राहिला. पत्ता हा संकेतांपैकी सर्वांत सावकाश बदलणारा असतो.

जमिनीच्या नोंदी हे जुन्या रूपाच्या टिकाऊपणाचे आणखी एक उदाहरण. गावपातळीवरील एकवीस नमुन्यांपैकी सातवा व बारावा मिळून होणारा ‘सातबारा’ २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीसह जाळ्यावरून मिळू लागला. २०२० मध्ये त्याच्या मांडणीत सुधारणा झाल्या. तथापि वर खातेदार व खाली पिकांचे रकाने ही ओळख पुसली नाही. ती पुसली असती, तर बँकेच्या कारकुनापासून गावच्या वडीलधाऱ्यांपर्यंत सर्वांना नव्याने वाचावयास शिकावे लागले असते.

बनावट सनदेचा प्रश्नही नव्या रूपात परत आला आहे. शासकीय योजनांच्या नावाने फसवणुकीची स्थळे उभारणारे राजमुद्रा, रंगसंगती, नेत्यांची छायाचित्रे व सूचनांची धावती पट्टी यांची हुबेहूब नक्कल करतात. डोळ्यांत भरणाऱ्या संकेतांची नक्कल नेहमीच सोपी. पत्त्याचे तसे नाही. त्याचा अधिकार उजवीकडून डावीकडे वाचावा लागतो, आणि ‘गव्ह.इन’ ही अखेर केवळ शासकीय संस्थांनाच मिळते. या अखेरीच्या आधी काय आहे यापेक्षा तिच्यानंतर, पहिल्या तिरक्या रेषेपूर्वी, काही जोडलेले आहे काय हे पाहणे महत्त्वाचे. मोर्तबानंतरची वाढीव ओळ शोधण्यासारखेच हे आहे. पत्त्याशेजारचे कुलपाचे चित्र मात्र फसवे ठरले. त्याचा अर्थ मजकूर वाटेत कोणी वाचू शकत नाही एवढाच होता. वाचकांनी तो स्थळ विश्वासार्ह आहे असा घेतला. बनावट स्थळांनाही कुलूप मिळू शकत असल्याने २०२३ मध्ये गूगलने आपल्या ‘क्रोम’ या वाचकप्रणालीतून ते काढून टाकले.

जुन्या कागदांच्या प्रतिमा पडद्यावर येऊ लागल्यापासून संशोधकांपुढे याच स्वरूपाचा आणखी एक प्रश्न उभा राहिला आहे. पत्राची प्रतिमा घेताना बहुधा दर्शनी बाजू घेतली जाते. सांध्यांवरचे शिक्के, ‘बार’ झाल्याचे शेरे, घडीच्या खुणा व पाठीवरील नोंदी तीत येत नाहीत. कोरी वाटणारी समासाची जागा पुष्कळदा कापलीही जाते. अशा प्रतिमेवरून पत्राचा मजकूर वाचता येतो, त्याचा प्रकारही सांगता येतो. परंतु ते खरे की बनावट, हे ठरविण्यासाठी अभ्यासकाला मूळ कागद उलटून पाहावयास पुन्हा दफ्तरखान्यातच जावे लागते.